पॅकेजच्या पोटातली जुनी लायब्ररी : शोधायची कशी, बदलायची कशी

६ सप्टेंबर २०२३ रोजी ॲपलच्या सुरक्षा अभियंत्यांनी आणि टोरोंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने गूगलला एक त्रुटी कळवली. वेबपी प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत हफमन तक्ता बांधताना राखून ठेवलेल्या जागेच्या पलीकडे लिहिले जात होते. मुद्दाम बिघडवलेले चित्र नुसते उघडले तरी हल्लेखोराला आत शिरायला वाट मिळत होती आणि ही वाट तेव्हा प्रत्यक्ष वापरली जात होती. ११ तारखेला क्रोमची दुरुस्ती आली, १२ ला फायरफॉक्सची. लिबवेबपीची दुरुस्त आवृत्ती १.३.२ ही १३ तारखेची. पायथनमध्ये चित्रे हाताळणाऱ्या पिलो या पॅकेजने १५ तारखेला १०.०.१ ही आवृत्ती काढली.

या यादीतली शेवटची ओळ नीट पाहा. ज्यांनी त्या आठवड्यात सर्व्हरवर ॲप्ट किंवा डीएनएफ चालवून सगळे अद्ययावत केले, त्यांची सिस्टिममधली लिबवेबपी दुरुस्त झाली. पिलो मात्र स्वतःच्या फोल्डरातली जुनी लिबवेबपीच वापरत राहिले. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी धुतली तरी घराघरांतल्या पिंपातले शिळे पाणी तसेच राहते, तसा हा प्रकार आहे.

पिंपे आली कुठून, हे आधी थोडक्यात. पायथनचे पॅकेज 'व्हील' या तयार रूपात मिळते, म्हणजे ते बसवणाऱ्याला सी भाषेतला कोड कंपाइल करावा लागत नाही. लिनक्सच्या प्रत्येक वाणात लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या वेगळ्या असतात, म्हणून पीईपी ५१३ या २०१६ च्या प्रस्तावाने 'मेनीलिनक्स' ही पद्धत आणली. लागणाऱ्या बहुतेक नेटिव्ह लायब्रऱ्या व्हीलच्या आतच घालायच्या आणि ऑडिटव्हील या साधनाने त्यांची नावे व वाटा जुळवून द्यायच्या. सोय खरोखरच मोठी झाली. पण असे केल्यावर सिस्टिमच्या सुरक्षा-दुरुस्त्या या प्रतींपर्यंत पोचणार नाहीत, हे त्या प्रस्तावातच नोंदवलेले आहे. रूबीचे नोकोगिरी आपल्यासोबत लिबएक्सएमएल२ आणते, नोडचे शार्प चित्रांच्या लायब्रऱ्या आणते, जावाचे एसक्यूलाइट-जेडीबीसी जारच्या आत एसक्यूलाइट ठेवते, आणि इलेक्ट्रॉनवर बांधलेले प्रत्येक डेस्कटॉप ॲप अख्खे क्रोमियम घेऊन फिरते.

खालची कृती पायथनच्या वेब ॲपवर बेतली आहे. उदाहरणासाठी असे ॲप धरा, ज्यात विद्यार्थी फोटो आणि दाखले चढवतात, माहिती पोस्टग्रेसमध्ये जाते आणि शेवटी प्रमाणपत्र छापून निघते. पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात लहान गट अशी ॲप्स रोज चालवतात. सुरक्षेसाठी वेगळा माणूस नसलेल्या अशा गटांसाठीच हे लिहितो आहे.

साहित्य

चालत्या सर्व्हरवर किंवा कंटेनरमध्ये टर्मिनल, वाचण्याची परवानगी, आणि नोंदींसाठी एक स्प्रेडशीट. पहिल्या खेपेला अर्धा दिवस राखून ठेवा.

१. जिथे ॲप चालते तिथेच बघा

डेव्हलपरच्या लॅपटॉपवर तपासणी करू नका. एकाच पॅकेजच्या एकाच आवृत्तीची मॅकसाठीची, विंडोजसाठीची आणि लिनक्ससाठीची व्हील्स वेगवेगळी बांधलेली असतात. त्यांच्या आतल्या लायब्रऱ्या वेगळ्या असू शकतात, ठेवण्याची जागाही वेगळी असते. लिनक्सवर पॅकेजच्या शेजारी 'पिलो डॉट लिब्ज' अशा नावाचे फोल्डर दिसते. मॅकवर पॅकेजच्या आत 'डॉट डायलिब्ज' असते आणि विंडोजवर डीएलएल फाइली. कंटेनर वापरत असाल तर सध्या चालू असलेल्या कंटेनरमध्ये शिरा. काल बांधलेली आणि अजून तैनात न झालेली इमेज तपासून उपयोग नाही.

२. नेटिव्ह फाइलींची यादी काढा

पायथनच्या साइट-पॅकेजेस फोल्डरात जाऊन 'फाइंड' कमांडने नावात 'डॉट एसओ' असलेल्या सगळ्या फाइली शोधा. नावाच्या शेवटी 'डॉट एसओ' असेल तरच, असा शोध लावू नका, कारण पुष्कळ फाइलींच्या नावात त्यापुढे आकडे असतात. यादीत दोन प्रकार दिसतील. पायथनला जोडणाऱ्या एक्स्टेन्शन फाइली पॅकेजच्या आत असतात, तर सोबत आणलेल्या लायब्रऱ्या बहुधा 'डॉट लिब्ज' फोल्डरांत. दुसऱ्या प्रकारातल्या फाइलींच्या नावात अक्षर-आकड्यांचा एक तुकडा घुसवलेला दिसेल. तो ऑडिटव्हीलने घातलेला असतो, आणि एक्स्टेन्शनमध्येही तेच नवे नाव व फोल्डरची वाट लिहिलेली असते. म्हणून सिस्टिममधली साध्या नावाची ताजी लिबवेबपी शेजारीच असली तरी पिलो तिच्याकडे वळत नाही.

आता 'डॉट लिब्ज' मध्ये न दिसणाऱ्या लायब्रऱ्यांकडे या. क्रिप्टोग्राफी या पॅकेजच्या व्हीलमध्ये ओपनएसएसएल एक्स्टेन्शनच्या आतच मुरवलेले असते, त्याची स्वतंत्र फाइल नसते. जावाच्या जारमधल्या नेटिव्ह फाइली चालताना तात्पुरत्या फोल्डरात उघडल्या जातात, त्यामुळे जार अनझिप करूनच पाहावे लागते. नोडमध्ये शेवटी 'डॉट नोड' असलेल्या फाइली शोधा. फाइल दिसली नाही म्हणजे लायब्ररी नाही, असे धरू नका.

३. खरी आवृत्ती ओळखा

सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि तो जायलाच हवा.

फाइलीच्या नावातल्या आकड्यावर विसंबू नका. लिबवेबपी १.२.४ असो की १.३.२, नावात 'डॉट एसओ' नंतर ७ च येतो, कारण तो जोडणीच्या रचनेचा क्रमांक आहे. झेडलिबच्या फाइलीत तर वर्षानुवर्षे १ च असतो.

शक्य असेल तिथे लायब्ररीलाच विचारा. 'पायथन डॅश एम पिल डॉट रिपोर्ट' ही कमांड पिलोसोबत आलेल्या वेबपी, फ्रीटाइप, लिबटिफ, झेडलिब यांच्या आवृत्त्या छापते. एलएक्सएमएलमध्ये लिबएक्सएमएल२ चे दोन स्थिरांक मिळतात. एक कंपाइल करतानाची आवृत्ती सांगतो, दुसरा आत्ता चालणारी. दोन्ही लिहून घ्या, पण महत्त्वाची दुसरी. सायकोपीजी२ आपल्या लिबपीक्यूची आवृत्ती सांगते. क्रिप्टोग्राफी आपल्या ओपनएसएसएलची ओळ देते. ओपनसीव्हीचे 'गेट बिल्ड इन्फर्मेशन' लांबलचक अहवाल देते, त्यात एफएफएमपेग आणि चित्रांच्या लायब्रऱ्या वेगळ्या काढून वाचा. नोडमध्ये 'प्रोसेस डॉट व्हर्जन्स' पाहा, रूबीत 'नोकोगिरी डॅश व्ही'.

लायब्ररी बोलत नसेल तर तिच्या फाइलीवर 'स्ट्रिंग्ज' ही कमांड चालवा. झेडलिबच्या पोटात 'इन्फ्लेट १.२.११ कॉपीराइट १९९५-२०१७ मार्क ॲडलर' अशी ओळ असते. लिबपीएनजी आवृत्तीसोबत तारीखही बाळगते. 'ओपनएसएसएल १.१.१के, २५ मार्च २०२१' अशी ओळ सापडली तर दोन्ही गोष्टी एकदम कळतात, ती प्रत किती जुनी आहे आणि १.१.१ ही पूर्ण शाखाच ११ सप्टेंबर २०२३ पासून सर्वसाधारण आधाराबाहेर आहे.

लिबवेबपीत अशी ओळ मिळत नाही. पायथनच्या सीटाइप्सने ती फाइल उघडा आणि 'वेबपी गेट डीकोडर व्हर्जन' हे फंक्शन बोलवा. एक पूर्णांक परत येईल. मुख्य आवृत्ती गुणिले ६५५३६, त्यात मधली गुणिले २५६, त्यात शेवटची, अशी त्याची मांडणी असते. ६६३०५ आले तर १.३.१, म्हणजे त्रुटी असलेली. ६६३०६ आले तर १.३.२.

याच पायरीवर एक चकवा आहे. डेबियन, रेड हॅटसारखे वितरक बरेचदा आवृत्ती तीच ठेवून फक्त दुरुस्ती मागे आणतात. डेबियन १२ मधली लिबवेबपी १.२.४ म्हणवते, तरीही सप्टेंबर २०२३ ची दुरुस्ती तिच्यात आहे. व्हीलमध्ये आलेली प्रत मूळ प्रकल्पाच्या कोडवरून बांधली असेल तर आकडा खरा मानायला हरकत नाही. ती बांधणाऱ्या यंत्रावरच्या वितरकाच्या पॅकेजमधून उचललेली असेल तर नुसता आकडा पुरत नाही, वितरकाचा पुढचा क्रमांकही लागतो. पॅकेजच्या बांधणीची स्क्रिप्ट उघडून लायब्ररी कुठून आणली ते पाहा. मेनीलिनक्स २०१४ ची व्हील्स सेंटओएस ७ वर बांधली जातात आणि सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. तिथून यमने उचललेल्या लायब्ररीला त्यानंतर सेंटओएसकडून दुरुस्ती मिळालेली नाही. अशा नोंदींना स्प्रेडशीटमध्ये वेगळा रंग द्या.

४. त्रुटींच्या नोंदींशी ताडून पाहा

पिप-ऑडिट जरूर चालवा, पण ते काय पाहते हे लक्षात ठेवा. ते पॅकेजचे नाव आणि आवृत्ती बघते. पिलोच्या बाबतीत लिबवेबपीची त्रुटी पिलोच्या नावावरही नोंदवली गेली, म्हणून ते साधन ओरडते. अशी नोंद कुणी केलीच नाही तर 'काही सापडले नाही' असे हिरवे उत्तर येते आणि आतली लायब्ररी जुनीच असते. म्हणून पायरी ३ मधल्या लायब्रऱ्यांची नावे ओएसव्ही आणि एनव्हीडी या नोंदवह्यांत स्वतंत्रपणे शोधा. इंटेलमध्ये सुरू झालेले सीव्हीई-बिन-टूल फाइलींमधल्या ओळी वाचून लायब्ररी व आवृत्ती ओळखायचा प्रयत्न करते. यादी मोठी असेल तेव्हा त्याची मदत होते. त्याच्या उत्तराची मात्र हाताने खात्री करा.

शोध एकाच क्रमांकावर थांबवू नका. लिबवेबपीची त्रुटी आधी सीव्हीई-२०२३-४८६३ म्हणून आली आणि वर्णन असे की दोष फक्त क्रोमचा वाटावा. नंतर लायब्ररीच्या नावाने सीव्हीई-२०२३-५१२९ हा दुसरा क्रमांक आला आणि तो पहिल्याचीच पुनरुक्ती म्हणून मागे घेतला गेला. क्रोम वापरत नाही म्हणून पहिली नोंद बाजूला ठेवणे त्या दिवसांत किती सोपे होते, याचा विचार करा.

५. बाहेरचा माल तिथपर्यंत पोचतो का?

यादी लांब येईल, सगळे एका दिवसात बदलता येणार नाही. क्रम असा लावा. अनोळखी माणसाने दिलेली फाइल किंवा नेटवर्कवरून आलेले बाइट ज्या लायब्ररीला थेट वाचावे लागतात ती पहिली. यात चित्रे, व्हिडिओ, फाँट, एक्सएमएल आणि झिप उलगडणाऱ्या लायब्रऱ्या येतात, तसेच टीएलएस जोडणी सांभाळणारे ओपनएसएसएल. नमपायसोबत येणारी ओपनब्लास आकड्यांची गणिते करते, तिच्यापर्यंत हल्लेखोराची फाइल जशीच्या तशी जात नाही. ती मागे राहू द्या.

'आम्ही तर फक्त जेपीजी घेतो' या उत्तरावर विश्वास ठेवू नका. पिलो फाइलीच्या नावाकडे न बघता तिच्या सुरुवातीच्या बाइटांवरून प्रकार ठरवते. विद्यार्थ्याने 'फोटो डॉट जेपीजी' नावाने वेबपी चढवले तर वेबपीचाच कोड चालतो. आपल्या ॲपमध्ये असे करून पाहा. साधे, निरुपद्रवी वेबपी चित्र नाव बदलून चढवायचे आणि लघुचित्र तयार होते का ते बघायचे. झाले, तर वाट उघडी आहे.

६. दुरुस्ती

पहिला उपाय म्हणजे पॅकेजची नवी आवृत्ती. पण ती बसवण्याआधी तिच्या बदलांच्या नोंदीत लायब्ररीचा उल्लेख शोधा. ऑक्टोबर २०२० मध्ये फ्रीटाइपमध्ये अशीच, प्रत्यक्ष वापरात असलेली त्रुटी सापडली, सीव्हीई-२०२०-१५९९९. पिलो ८.०.१ च्या नोंदीत व्हीलमधले फ्रीटाइप २.१०.४ केल्याचे स्पष्ट लिहिले होते. इलेक्ट्रॉनच्या ॲपमध्ये इलेक्ट्रॉनच बदलावे लागते. लिबवेबपीच्या वेळी २२.३.२४, २४.८.३, २५.८.१ आणि २६.२.१ या आवृत्त्यांत दुरुस्ती आली होती. सगळ्यांत नवे ते घ्यायचे, असाही नियम करू नका. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या नव्या आवृत्त्यांतच चोरदरवाजा घातलेला होता, हे २९ मार्च २०२४ ला उघड झाले. ज्या आवृत्तीत दुरुस्ती झाल्याची नोंद आहे ती घ्या.

नवी आवृत्ती आलीच नसेल तर पॅकेज मूळ कोडवरून बांधा. पिपला 'नो-बायनरी' हा पर्याय देऊन पॅकेजचे नाव सांगितले की ते व्हील न घेता कंपाइल करते आणि सिस्टिममधल्या लायब्ररीशी जोडते. त्यापुढे सिस्टिमची दुरुस्ती तुमच्यापर्यंत पोचते. सायकोपीजी२ चे कर्ते प्रत्यक्ष वापरासाठी हाच मार्ग सुचवतात, 'सायकोपीजी२-बायनरी' हे वेगळे नाव त्यांनी शिकण्या-तपासण्याच्या सोयीसाठी ठेवले. त्यामागे सुरक्षेखेरीज दुसरेही कारण होते. व्हीलमधले लिबएसएसएल आणि पायथनचे स्वतःचे लिबएसएसएल एकाच प्रक्रियेत आले की ॲप कोसळण्याच्या तक्रारी येत होत्या. म्हणून २.८ पासून मूळ नावाखाली लिनक्सची व्हील्स देणे थांबवले.

मराठी छापणाऱ्यांनी इथे एक काळजी घ्यायलाच हवी. पिलो स्वतः बांधताना यंत्रावर राक्म ही लायब्ररी नसेल तर बांधणी यशस्वी होते, पण अक्षरमांडणी साध्या पद्धतीवर घसरते. प्रमाणपत्रावर 'विद्यार्थी' छापताना पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, 'द्य' तुटते, रफार जागा सोडतो. बांधल्यावर पिलोच्या 'फीचर्स'मध्ये राक्म आहे का ते तपासा आणि जोडाक्षरे असलेले एखादे नाव छापून डोळ्यांनी पाहा.

'डॉट लिब्ज' मधली जुनी फाइल काढून तिथे नवी ठेवणे, हा उपाय मी कुणालाच सुचवणार नाही. नाव जुळवावे लागते, दुसऱ्या लायब्रऱ्यांशी मेळ बसेलच असे नाही, आणि पुढच्या पिप इन्स्टॉलला जुनी फाइल परत येते तेव्हा कुणाला पत्ताही लागत नाही.

आज काहीच बदलता येत नसेल तर वाट अरुंद करा. पिलोच्या 'इमेज डॉट ओपन'ला 'फॉरमॅट्स' हा घटक देऊन फक्त जेपीईजी आणि पीएनजी एवढेच प्रकार मान्य करता येतात, मग वेबपीचा कोड गाठलाच जात नाही. चित्रे उलगडण्याचे काम कमी अधिकार असलेल्या, नेटवर्क नसलेल्या वेगळ्या प्रक्रियेत हलवा. हे तात्पुरते आहे, म्हणून स्प्रेडशीटमध्ये ते काढण्याची तारीख लिहा.

७. बदल खरोखर लागू झाला का?

पिपने 'यशस्वी' म्हटले, इमेज बांधली गेली, एवढ्यावर काम संपत नाही. चालू असलेली प्रक्रिया सुरू होताना उघडलेली जुनी लायब्ररीच स्मृतीत धरून असते. लिनक्सवर प्रोक फोल्डरात त्या प्रक्रियेच्या क्रमांकाखाली 'मॅप्स' नावाची फाइल वाचा. कोणती लायब्ररी कोणत्या वाटेवरून घेतली आहे ते तिथे ओळीओळीने दिसते. एखाद्या ओळीपुढे 'डिलीटेड' असे लिहिलेले असेल तर डिस्कवरची फाइल गेली आहे पण ॲप तीच वापरते आहे. ते बंद करून पुन्हा सुरू करा. डेबियन आणि उबंटूवर 'नीडरीस्टार्ट' अशा प्रक्रिया शोधून देते. पार्श्वभूमीला चालणारे सेलरीसारखे कामकरी विसरू नका. वेब ॲप पुन्हा सुरू होते आणि लघुचित्रे बनवणारा कामकरी महिनोन्महिने तसाच चालत राहतो, असे पुष्कळदा घडते, आणि चित्रे उघडतो तो तोच. मग पायरी ३ मधले प्रश्न पुन्हा विचारा, पायरी ५ मधले नाव बदललेले वेबपी पुन्हा चढवा.

८. नोंद

प्रत्येक लायब्ररीला एक ओळ. रकाने एवढेच : कोणत्या पॅकेजच्या आत, कोणत्या सर्व्हरवर, आवृत्ती, ती कशी ओळखली, कोड कुठून आला, बाहेरचा माल पोचतो का, शेवटची तपासणी कधी. 'कशी ओळखली' हा रकाना गाळू नका. पुढच्या माणसाला तोच वेळ पुन्हा घालवावा लागू नये म्हणून तो आहे.

हे पत्रक हळूहळू आपोआप तयार होऊ लागेल. पीईपी ७७० ने पायथनच्या पॅकेजमध्येच घटकांची यादी ठेवण्यासाठी जागा ठरवली आहे. बसवलेल्या पॅकेजच्या 'डिस्ट-इन्फो' फोल्डरात 'एसबॉम्स' नावाचा उपफोल्डर आहे का, ते पायरी २ मध्येच पाहून घ्या. असेल तर तिथून सुरुवात करा. नसेल आणि तुम्ही स्वतः व्हील बांधून वाटत असाल, तर ते घालण्याची जबाबदारी तुमची. सोबत देत असलेल्या लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये उघड लिहा, आणि त्यांपैकी एकीची सुरक्षा-दुरुस्ती आली की तुमच्या कोडमध्ये एक अक्षरही बदललेले नसले तरी नवी आवृत्ती काढा.

भारतात काम करणाऱ्यांसाठी या पत्रकाला आणखी एक वजन आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच संस्थेने सॉफ्टवेअरच्या घटक-पत्रकांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. दर महिन्याला, आणि इमेज नव्याने बांधली की त्याच दिवशी, पायरी २ आणि ३ पुन्हा करा. या दोन पायऱ्यांची एक छोटी स्क्रिप्ट लिहून बांधणीच्या साखळीत बसवली आणि आधीच्या यादीशी तुलना करून फक्त फरक छापायला सांगितले, तर दर वेळी वाचायला थोड्याच ओळी उरतात.